शिडीवर नसलेले पाऊल

त्या वर्षी लोकांनी आपल्या इमारतींच्या लोखंडी जिन्यांवर रबराच्या जाड चटया अंथरायला सुरुवात केली. पाय घसरू नये म्हणून, असे विचारल्यावर प्रत्येक जण सांगे, आणि कोणाचाही त्यावर विश्वास बसत नसे. पोलादाला स्मरण असते, ही गोष्ट तोवर प्रयोगशाळेतून न्यायालयात आणि न्यायालयातून घराघरांत पोहोचली होती. एका गोदामाच्या पहारेकऱ्याने सहा वर्षे वहीत लिहिलेल्या फेऱ्या त्याने घातल्याच नव्हत्या, हे तेथल्या लोखंडी जाळीच्या फरशीने सिद्ध केले होते. एका वाटणीच्या दाव्यात गच्चीच्या जिन्याने साक्ष दिली होती. चटयांचा खप वाढला तो त्यानंतर.

निरंजन खासनीस यांच्या घरी चटई नव्हती. आपल्या पावलांपासून लपवावे असे आपल्या आयुष्यात काही नाही, असे ते मानत. ते त्रेसष्ट वर्षांचे होते, कोसल-विदर्भ लोहमार्गाचे निवृत्त मुख्य अभियंता होते, आणि निवृत्तीनंतर चालककक्ष-प्रवेश समितीचे अध्यक्ष झाले होते. नाव जड असले तरी समितीचे काम साधे होते. रेल्वेच्या इंजिनात चालक जिथे बसतो तो कक्ष जमिनीपासून पुरुषभर उंच असतो. स्थानकावर फलाट असतो, त्यामुळे प्रवाशांना ही उंची जाणवत नाही. परंतु चालक बहुधा यार्डात चढतो आणि यार्डातच उतरतो. तिथे फलाट नसतो, खडी असते. आणि खांद्याला पिशवी अडकवून चार अरुंद पायऱ्यांच्या उभ्या शिडीवरून त्याला दिवसातून अनेकदा खालीवर करावे लागते. कोसल-विदर्भवर जितके चालक गाडी चालवताना जायबंदी झाले, त्याहून अधिक या चार पायऱ्यांवर झाले होते. नव्या इंजिनांसाठी सुरक्षित आणि सुखकर शिडी कशी असावी, हे खासनीसांच्या समितीने ठरवायचे होते. त्यासाठी भंगारात निघालेल्या इंजिनांच्या चाळीस जुन्या शिड्या नागपूरच्या एका प्रयोगशाळेत आणून टांगल्या होत्या, आणि डॉ. फरीदा मुल्ला त्या एकेक करून वाचत होत्या.

वाचत होत्या, हा शब्द येथे अलंकार म्हणून वापरलेला नाही. पोलाद दिसते तसे एकसंध नसते. ते सूक्ष्म स्फटिकांचे बनलेले असते, आणि प्रत्येक स्फटिकात अणूंच्या रांगा असतात. भार पडला की काही रांगा किंचित सरकतात. भार उतरला तरी त्या पूर्णपणे मागे येत नाहीत. इस्त्रीच्या कापडावर कोणी बसून उठले की चुणी राहते, तसाच हा प्रकार. फरक इतकाच की ही चुणी डोळ्यांना दिसत नाही. नंतरची चुणी आधीच्या चुणीला छेदून जाते, म्हणून क्रम कळतो. उन्हाळ्यात धातू प्रसरण पावतो, हिवाळ्यात आकसतो, आणि झाडाच्या खोडातील वलयांसारख्या त्याच्या खुणा राहतात, म्हणून दिवस कळतो. न्यूट्रॉनांच्या झोताखाली उलगडणाऱ्या या लिपीला फरीदाबाईंनी पदलेख असे नाव दिले होते.

खासनीसांनी पहिल्याच दिवशी हरकत घेतली होती. पुरावा पाहिल्याशिवाय मान डोलवणे त्यांच्या स्वभावात नव्हते.

"लाखो पावले एकावर एक पडलेली असताना त्यांतले एक तुम्ही वेगळे काढता, हे मला पटवून घ्यायचे आहे."

"लग्नाच्या मांडवाबाहेर चपलांचा ढीग असतो, सर. त्यातली आपली तुम्हाला कळते ना?" फरीदाबाई मिरजेच्या होत्या आणि अवघड गोष्ट त्यांना मांडवाबाहेर किंवा स्वयंपाकघरात नेऊनच सांगता येई. "प्रत्येकाचं वजन वेगळं, टाच टेकायची तऱ्हा वेगळी, पाऊल उचलायची घाई वेगळी. हस्ताक्षरासारखंच आहे ते."

"मांडवाबाहेरून माझी चप्पल दोनदा नाहीशी झाली आहे."

"मग तुम्हाला माहीतच आहे. असलेली चप्पल शोधावी लागते. नसलेली लगेच कळते."

त्या वेळी दोघेही हसले होते.

प्रयोगशाळेचा एक नियम होता. शिड्यांवर चालकांखेरीज तपासनीसांचीही पावले असत. ती मोजमापात मिसळली तर नवी शिडी चुकीच्या माणसांच्या मापाची होईल. म्हणून जुन्या अहवालांवरून तपासनीसांची यादी काढायची, त्यांच्यापैकी जे हयात असतील त्यांना एका पट्टीवरून चालवून त्यांचे पाऊल ओळखून घ्यायचे, आणि ते शिडीच्या पदलेखातून वजा करायचे. खासनीस पहिल्याच आठवड्यात त्या पट्टीवरून चालले होते. बूट घालून, सरळ मानेने.

तीन महिन्यांनी एका मंगळवारी सकाळी फरीदाबाईंनी त्यांना बोलावून घेतले.

"सतरा नंबरची शिडी, सर. इंजिन २३०६. माणिकवाडा यार्डातला अपघात. चौकशी तुम्हीच केली होती."

"एकोणीस वर्षांपूर्वी. सहायक चालक उतरताना पडली होती."

"तुमची पावलं वजा करायची आहेत."

"मग करा."

"वजा करायला सापडत नाहीत."

खासनीसांनी चष्मा काढून पुसला. यंत्र चुकत असेल, असे ते म्हणाले.

"मलाही तसंच वाटलं. अहवालात तुम्ही लिहिलंय, सदर शिडीवरून स्वतः तीन वेळा चढ-उतार करून खात्री केली आहे. म्हणून मीही तीन वेळा वाचलं." फरीदाबाईंच्या स्वरात टोमणा नव्हता. त्यामुळेच ते बोलणे खासनीसांना अधिक लागले. "आणि दुसरं एक. त्या अपघातापर्यंत या शिडीवर हलकी पावलं आहेत, पंचावन्न किलोच्या खालची. बायकांची असणार. त्यानंतर अकरा वर्षं तसं एकही पाऊल नाही."

त्याचे कारण खासनीसांना ठाऊक होते. अहवालाच्या शेवटी त्यांनी शिफारस केली होती, की या वर्गाच्या इंजिनांवर महिला सहायकांना त्यांच्याच सुरक्षिततेसाठी तूर्त नेमू नये. ते तूर्त अकरा वर्षे टिकले होते.

ते आपल्या खोलीत आले आणि त्यांनी खुर्ची भिंतीकडे वळवून घेतली. काय घडले होते, हे आठवायला त्यांना पदलेखाची गरज नव्हती. अपघात यार्डाच्या टोकाला झाला होता. तिथे जुना नाला होता, खडी खचलेली होती, आणि चौकशीला आलेल्या चार अधिकाऱ्यांच्या पायांत कातडी बूट होते. कोणी तरी, बहुधा आदराने, सुचवले की साहेबांनी तिथवर कशाला यायचे, इंजिनच फलाटावर आणू. इंजिन फलाट क्रमांक एकवर आणले गेले. फलाटावरून कक्षाच्या दारात एक फळी टाकली गेली, आणि चौघे तिच्यावरून आत गेले. खालच्या पायरीची उंची नकाशावरून उतरवून घेतली, अडतीस सेंटीमीटर. इंजिनाची सारी मापे रुळाच्या माथ्यापासून घेतात, हा अभियंत्यांचा शिरस्ता आहे, आणि तो योग्यही आहे. परंतु माणूस रुळावर उतरत नाही, रुळाशेजारच्या खडीवर उतरतो. आणि नाल्याजवळ ती खडी रुळाच्या माथ्यापासून आणखी तेहतीस सेंटीमीटर खाली होती. हे त्या दिवशी चौघांपैकी कोणाच्याही पायांना कळले नाही, कारण चौघांचे पाय फळीवर होते.

आणि ते वाक्य? ते खासनीसांनी रचलेसुद्धा नव्हते. चौकशी-अहवालाच्या छापील नमुन्यातच ते होते. त्यांच्या आधीच्या अधिकाऱ्याने ते ठेवले होते, त्याच्या आधीच्यानेही. तीन हा आकडासुद्धा छापील होता. त्या वाक्यावर सही करणे म्हणजे खोटे बोलणे आहे, असे कोणाच्या मनात येत नसे. पत्राखाली आपला विश्वासू असे लिहिताना कोणाच्या मनात येत नाही, तसेच. हा युक्तिवाद खासनीसांनी स्वतःपुढे नीट मांडला. तो निर्दोष होता. तो मांडून झाल्यावर त्यांच्या लक्षात आले की आपले कान तापले आहेत.

मग त्यांनी एक टिपण लिहिले: नमुना क्रमांक सतरा सदोष असल्याने अभ्यासातून वगळण्यात यावा. अध्यक्षांना तसा अधिकार होता. एकोणचाळीस शिड्यांवरूनही उत्तम नवी शिडी तयार झाली असती. त्यांनी सही केली, कागदाची घडी घालून खिशात ठेवली, आणि फरीदाबाईंकडे गेले.

"सतरा क्रमांकाविषयी थोडे बोलायचे होते."

"गुरुवारी बोलू या ना, सर. ज्यांचं पाऊल ओळखता येतं त्यांना बोलवायचं, असा नियम तुम्हीच घातला आहे. त्या पडलेल्या सहायक चालक, प्रणिता गेडाम, गुरुवारी येताहेत."

घडी खिशातच राहिली.

प्रणिता गेडाम पंचेचाळीस वर्षांच्या, ठेंगण्या बांध्याच्या बाई होत्या. डाव्या पायाने लंगडत. अपघातानंतर त्यांना गाडीवरून उतरवून माणिकवाडा स्थानकात हरवलेल्या सामानाच्या खिडकीवर बसवले होते, आणि त्या अजून तिथेच होत्या. प्रयोगशाळेच्या मोठ्या दालनात सतरा क्रमांकाची शिडी एका चौकटीला जोडून, खाली खडी पसरून, अपघाताच्या जागी होती तशी उभी केली होती. त्यांनी आधी शिडीकडे पाहिले आणि मग खासनीसांकडे.

"तुम्ही नाही ओळखलं मला, सर."

"ओळखले."

"नाही जी. कसं ओळखाल? तुम्ही मला पाहिलंच कुठं होतं, मी तर दवाखान्यात होते. मीच तुम्हाला ओळखते, सहीवरून. तुमच्या ख ला लांब शेपूट आहे." त्या हे सहज म्हणाल्या. "सातवा परिच्छेद पाठ आहे मला. सदर कर्मचारी शिडीकडे पाठ करून, उजव्या हातात डबा धरून उतरत असल्याने तीन-आधार नियमाचा भंग झाला. दर जूनला म्हणते ना मी."

"जूनला?" फरीदाबाईंनी विचारले.

"ट्रेनिंग स्कूलमध्ये. नव्या पोरापोरींना सांगायला बोलावतात मला. दोन हात नि एक पाय, नाही तर दोन पाय नि एक हात, तीन आधार कधी सुटू द्यायचे नाहीत, तोंड शिडीकडे. आणि मग मी शिडीकडे पाठ करून दाखवते, असं करू नका म्हणून. पोरं हसतात. हसू दे, पण ध्यानात राहते त्यांच्या. बाकीच्या बायकांची अकरा वर्षं गेली जी माझ्यापायी. तेवढं तरी करावं म्हटलं."

खासनीस खाली पाहत राहिले. बुटांवर प्रयोगशाळेतील दिव्यांचे प्रतिबिंब पडले होते.

फरीदाबाईंनी समोरचा मोठा पडदा सुरू केला. पदलेख म्हणजे काय हे त्यांनी पुन्हा चुणीच्या दाखल्याने समजावले. मग त्यांनी त्या दिवसाची शेवटची ओळ उलगडली. शिडीच्या पायऱ्या राखाडी दिसत होत्या आणि त्यांवर एकेक पाऊल निळे होऊन उमटत होते.

"प्रत्येक पायरीवर भार पावलाच्या पुढच्या भागाचा आहे, आणि बोटं इंजिनाकडे आहेत. टाच बाहेर, मोकळी. म्हणजे तोंड शिडीकडे होतं. हे कठडे. डावा हात, उजवा हात. दोन्ही पंजे पूर्ण आवळलेले."

"हे माझं नाही," प्रणिताबाई म्हणाल्या.

"ताई, दुखापतीच्या आधीच्या तुमच्या तीनशे बारा उतरणी या शिडीवर आहेत. ड्यूटीच्या तारखांशी एकेक जुळते. ही तीनशे तेरावी."

"असं कसं होईल? मी पाठ करून उतरले. मला स्वच्छ आठवतं ना. डबा उजव्या हातात होता. पितळी कडीचा. ऊन डोळ्यांवर येत होतं." त्यांनी हात डोळ्यांवर धरला. "पाठ शिडीकडे असेल तेव्हाच ऊन डोळ्यांवर येईल, नाही का?"

"उजव्या हातानं कठडा एकदाही सोडलेला नाही."

"पुढं दाखवा."

फरीदाबाईंनी क्षणभर खासनीसांकडे पाहिले आणि पुढचे दाखवले. सर्वांत खालच्या पायरीवरून डावे पाऊल उचलले गेले. खाली काही नव्हते. ते परत पायरीवर आले. पुन्हा खाली गेले, पुन्हा परत आले. तिसऱ्यांदा खाली गेले. मग उजव्या पावलाची खूण पायरीच्या कडेकडे घसरत गेली आणि कठड्यावरचे पंजे एकामागून एक सुटले.

"नियमानं शेवटपर्यंत धरून होता तुम्ही," फरीदाबाई म्हणाल्या. "जमीनच मिळाली नाही."



"किती होतं खाली?" प्रणिताबाईंनी विचारले.

उत्तर खासनीसांनी दिले. "एकाहत्तर सेंटीमीटर."

"अहवालात अडतीस आहे."

"ते रुळापासून."

"मी रुळावर कुठं उतरत होते, सर?"

खासनीसांनी शिडीखालच्या खडीकडे पाहिले.

"तुम्ही तीन वेळा चढून पाहिलं होतं."

"नाही."

"एकदा?"

"एकदाही नाही. इंजिन फलाटावर आणले होते. फळीवरून आत गेलो."

"चहा झाला असेल."

"झाला."

प्रणिताबाईंनी मान हलवली. जणू एवढी एकच गोष्ट त्यांच्या अपेक्षेप्रमाणे घडली होती. त्या खुर्चीत बसल्या आणि लंगडा पाय त्यांनी दोन्ही हातांनी पुढे घेतला.

"एक सांगा मला. लोखंड खोटं नसेल बोलत, मानलं. पण ती बाई मला रोज दिसते. शिडीकडे पाठ करून, हातात डबा घेऊन उतरते. एकोणीस वर्षं मी तिलाच बोल लावला. दवाखान्यात आई विचारत होती, कशी गं पडलीस, तर तिलाही तेच सांगितलं. माझ्या डोक्यातली ती बाई आहे तरी कोण?"

खासनीसांना ते ठाऊक होते. दवाखान्यात पाठवलेली प्रश्नावली त्यांनीच तयार केली होती. तिच्यात, डबा हातात होता काय, असा प्रश्न नव्हता. डबा कोणत्या हातात होता, असा होता. पाठ शिडीकडे होती काय, असे विचारलेले नव्हते; पाठ शिडीकडे करण्याचे कारण काय, असे विचारले होते. वेदनाशामकांच्या गुंगीत असलेल्या सव्वीस वर्षांच्या मुलीला त्यांचा कारकून चार दिवस तेच प्रश्न विचारत राहिला. पहिल्या दिवशी तिचे उत्तर होते, आठवत नाही. दुसऱ्या दिवशी, उजव्या असेल. चौथ्या दिवशी, उजव्या. आणि पोलादाला पडलेली चुणी जशी पुसली जात नाही, तसे ते उत्तरही तिच्या मनातून गेले नाही. फरक असा की पोलादावर खरोखरीच भार पडावा लागतो, माणसाला नुसता प्रश्न पुरतो.

"ती मी लिहिली," खासनीस म्हणाले. "तुम्ही ती पाठ केली."

त्यांनी खिशातली घडी काढून फरीदाबाईंच्या हातात दिली. फरीदाबाईंनी ती वाचली आणि प्रणिताबाईंकडे दिली. प्रणिताबाईंनी कागद दूर धरून सही पाहिली.

"ख तसाच आहे अजून."

"मी अहवाल दुरुस्त करीन. जाहीरपणे. ट्रेनिंग स्कूलमध्ये मी स्वतः येईन, आणि तुमच्या ऐवजी मी—"

"आधी चढा, सर."

"काय?"

"चढून पाहिलं असं लिहिलंय ना? मग चढा. माझी पिशवी घ्या, तेवढंच ओझं असतं."

फरीदाबाई पुढे झाल्या. सरांच्या वयाला हे झेपणार नाही, आपण पट्टा लावू, असे त्या म्हणाल्या. खासनीसांनी हातानेच नको म्हटले. पिशवी खांद्याला अडकवून ते खडीवर उतरले. खडी पायाखाली सरकली; हेही त्यांना नवे होते. पहिली पायरी त्यांच्या मांडीशी येत होती. दोन्ही कठडे धरून, गुडघा छातीशी घेऊन त्यांनी स्वतःला वर ओढले, तेव्हा विजारीची शिवण उसवल्याचा आवाज तिघांनीही ऐकला. कोणी हसले नाही. चार पायऱ्या चढायला त्यांना बराच वेळ लागला.

"आता उतरा. तोंड शिडीकडे. खाली पाहायचं नाही." प्रणिताबाईंचा आवाज आता ट्रेनिंग स्कूलमधला होता, सरावाचा आणि सपाट.

ते उतरू लागले. चौथी, तिसरी, दुसरी. सर्वांत खालच्या पायरीवर उजवे पाऊल ठेवून त्यांनी डावे खाली सोडले. तिथे काही नव्हते. पिशवी त्यांना मागे ओढत होती. त्यांनी पाऊल परत पायरीवर घेतले. पायरीच्या आत, स्फटिकांच्या रांगांत, एकोणीस वर्षे उशिरा त्यांची नोंद होत होती, आणि तिच्यावर आजचीच तारीख पडणार होती.

"बघा, ताई," फरीदाबाई हळूच म्हणाल्या. "अगदी असंच. तुम्ही अशाच होता."

प्रणिताबाईंनी बराच वेळ पाहिले. वाकलेली पाठ, आवळलेले पंजे, शिडीकडे वळलेली बोटे, सारे पाहिले. मग डोळे मिटून, आतली ती बाई शिडीकडे वळते का, याची त्या वाट पाहत राहिल्या.

खासनीसांनी पाऊल दुसऱ्यांदा खाली सोडले आणि दुसऱ्यांदा वर घेतले.  मागे वळून पाहता येत नव्हते. नियमच तसा होता.

"दिसली का?" त्यांनी शिडीकडे तोंड करूनच विचारले.

"नाही जी," मागून प्रणिताबाईंचा आवाज आला. "तीच उतरते आहे अजून. डबा घेऊन."

खासनीसांचे पाऊल तिसऱ्यांदा खाली गेले.